घड्याळ डिस्कच्या पुढे

सोम., ६ फेब्रु. ७८
सकाळी कॉम्प्युटर पुन्हा आडवा. पाटील, आमच्या केंद्राचा ऑपरेटर, दाराशीच उभा. "सर, तुमच्याबिगर उठतच न्हाई वो ह्यो." खरंच नाही उठत. घड्याळ, डिस्क, टेप, प्रिंटर, एकेकाला हाताने जागं करायचं, आणि तो क्रम फक्त माझ्या बोटांना माहीत. १ मार्चला साताऱ्याच्या नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. निर्मला आणि पोरगी तिकडेच, मी इथे विश्रामबागेत खोली घेऊन. मोठ्या साहेबांचं एकच पालुपद : "तुमच्याशिवाय मशीन सुरू होऊ द्या, त्याच दिवशी सोडतो." पुरता अडकलोय.

बुध., ८
क्रम आता प्रणालीतच घालतोय. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरुवातीला यादी वाचणार आणि त्या क्रमाने एकेका उपकरणाला उठवणार.
सासऱ्यांचं पत्र. निवृत्त सुभेदार. निर्मलाला मागे लिहिलं होतं, कर्नल ऐकत नाही म्हणून सुटका नाही. ते लिहितात, "कर्नल ऐकत नसेल तर ब्रिगेडियरकडे अर्ज करा. माझी ओळख आहे." खूप हसलो. असा अर्ज खरंच करता आला असता तर...

शनि., ११
यादी चालली! सलग तीनदा. सोमवारची रजा टाकली, दुपारच्या एस्टीने सातारा. सोमवारी नवा टेप जोडायचाय, तेव्हा पाटलाला यादी पुन्हा कार्डांवर पंच करावी लागेल. त्याच्या वहीत लिहून ठेवलं : लक्षात ठेव, घड्याळ डिस्कच्या पुढे.

सोम., १३, सातारा
तार. 'मशीन बंद. ताबडतोब या.' पोरगी पायाला मिठी मारून बसली. निर्मलाने डबा भरून दिला. त्याचंच जास्त लागलं.

मंगळ., १४
पाटलाने आधी डिस्क घातली, मग घड्याळ. डिस्क स्थिर व्हायला अर्धा मिनिट थांबायचं असतं. ते मोजणार घड्याळ, आणि ते उठलेलंच नाही. डिस्क बसली वाट बघत. फार ओरडलो त्याच्यावर.
"तुमीच लिवलंय की, घड्याळ डिस्कच्या पुढं. आदी डिस्क, पुढं घड्याळ."
"अरे, पुढे म्हणजे रांगेत पुढे!"
"मग सुट्टी पुढं ढकलली म्हंजे वो?"
त्याचं काय चुकलं? माझं मराठी नडलं.

शुक्र., २४
दहा दिवस डोकं फोडून घेतलं. क्रम आता माणसाने लावायचाच नाही. आपल्याआधी कोण जागं लागतं एवढंच प्रत्येक उपकरणापुढे लिहायचं, बाकी कर्नल बघेल. आज पाटलाने मुद्दाम यादी उलटसुलट केली. मी बाहेर पायरीवर बसलो, हात मांडीखाली दाबून. आतून प्रिंटरचा खडखडाट. "उठलं वो सर! लय ब्येस!" डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

सोम., २७
साहेबांनी सुटकेचं पत्र दिलं. खाली एक ओळ वाढवलेली : मशीनची जबाबदारी यापुढे पाटील यांची, तीन वर्षं त्यांना केंद्र सोडता येणार नाही, मान्य असल्यास त्यांची सही. त्या सहीशिवाय माझं पत्र लागू नाही.
पाटलाने दोनदा वाचलं. त्याची म्हातारी आई शिरवळला एकटी असते, तिथल्या कारखान्यात त्याने अर्ज केलाय. तीन वर्षं एका खोलीत काम केलं आणि मला हे आज कळलं.
"सर, मी सही केली की मला कोन सोडीवनार?"
कर म्हणवेना. नको करू, असंही तोंडातून निघेना. पत्र त्याच्याच खिशात आहे. परवा एक तारीख.