टोनीच्या टोपीतले तांदूळ

१३ सप्टें., शनिवार

गुडघा आज बरा. इराला घेऊन दुकानात गेले, तांदूळ आणि कोथिंबीर. इथं साहेबाच्या देशात कोथिंबीर कुंडीसकट विकतात आणि घरी आणली की मान टाकते.

परत येताना पबसमोर गर्दी. बघते तर पाच-सहा बाप्ये, पांढरे कपडे, टोपीला फुलं, दोन्ही हातात रुमाल. आणि पायात चाळ. एक बाई गळ्यात पेटी अडकवून वाजवत होती, बाप्ये उड्या मारत होते. निम्मे माझ्या वयाचे. मला काय घरी जाववेना. इरा हात ओढून दमली.

पायात चाळ बांधून समोर आलेला माणूस देवाचा, त्याला रिकामं पाठवायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. नाच झाला, दाढीवाल्यानं टोपी फिरवली. माझ्याजवळ सूप कुठलं. पिशवी फोडली, ओंजळभर तांदूळ टोपीत घातले. मग पाया पडायला वाकले. त्याला वाटलं म्हातारीचं काहीतरी पडलं. तोही वाकला. टाळक्यावर टाळकं.

इरा म्हणते, "आजी, तू त्याला हेडबट केली."

घरी महेशचं तोंड बघण्यासारखं. म्हणाला आई, ते भिक्षा मागत नव्हते, चॅरिटी होती, लोक त्यात पैसे टाकतात. मी म्हटलं पैसे सगळेच टाकतात. सूनबाई स्नेहल सिंककडे तोंड करून भांडी धूत होती, पण पाठ हलत होती तिची.

टेंगूळ आलं आहे. बर्फ लावला.


१६, मंगळवार

पाऊस. धुणं घरातच वाळत घातलं, सगळ्या घराला दमट वास.

महेश सकाळी वरच्या खोलीत गेला तो जेवायला खाली. कानाला ते यंत्र. पूर्वी बेसिंगस्टोकला ऑफिसात तरी जायचा, आता तेही आठवड्यातून एकदा. चार वर्षं झाली या गल्लीत, शेजारच्याचं नाव विचारलं तर म्हणतो "आहे कुणीतरी". स्नेहलचं तसं नाही. ती औषधांच्या दुकानात, सगळं गाव तिला ओळखतं. इराला शाळा आहे. याला कोण?

दसरा झाला की माझं विमान. सहा महिन्यांवर राहू देत नाहीत. मी आहे तोवर भाजी निवडताना तरी दोन शब्द बोलतो. गेल्यावर भिंतीशी बोलेल.

हाच पोरगा. गावात लेझीम निघाली की पुढच्या रांगेत हा. ह्याचे वडील हलगीवर. नानांची हलगी कडाडली की हा असा काही सुटायचा की बायका भाकरी तव्यावर टाकून दारात यायच्या. पुण्याला शिकायला गेला, तेव्हापासून...

असो. वरणाला फोडणी द्यायची आहे.


२१, रविवार. सर्वपित्री

नानांचं पान मागच्या कुंपणावर ठेवलं. इथले कावळे गुबगुबीत, पण शिवेनात. स्नेहल म्हणाली, "आई, त्यांना चिप्सची सवय आहे."

तेवढ्यात बेल. दारात तो दाढीवाला, आणि ती पेटीवाली बाई, हातात झाकलेलं भांडं. वाटलं टाळक्याची तक्रार.

तर भांड्यात खीर. टोपीतले तांदूळ त्या बाईनं निवडले (मधली नाणी काढून), धुतले, दुधात शिजवले. ती लिंडा, इराच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवते, म्हणून घर सापडलं. दाढीवाला तिचा नवरा. लोकांच्या तोंडी ऐकून मी त्याला मॉरिस म्हणत होते. इरानं सांगितलं, मॉरिस हे नाचाचं नाव, ह्याचं नाव टोनी.

पितरांच्या दिवशी खीर आपल्या पायांनी दारी आली. चमचाभर नानांच्या पानावर वाढली. वेलची नव्हती, पण चालतंय.

चहा झाला. टोनी म्हणाला (इरानं सांगितलं तसं लिहिते), गावाचा शरदाचा मेळा चार ऑक्टोबरला. त्यांच्या नाचाला सहा माणसं लागतात, तीन-तीनच्या दोन रांगा. कीथ म्हणून एक आहे, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. उरले पाच. तरणी पोरं येत नाहीत. यंदा नाच झाला नाही तर पुढं बंदच पडायचा.

मी इराला म्हटलं, सांग त्यांना, तुझा बाबा नाचतो.

महेशला कानात शिसं ओतल्यासारखं झालं. "आई, शाळेतली गोष्ट आहे ती. मला कामं आहेत." टोनीला इंग्रजीत काहीतरी गोड बोलून वाटेला लावलं. मग वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं.

पान संध्याकाळी बघितलं, रिकामं. कावळा की मांजर, नानांनाच माहीत.


२४, बुधवार

घट बसलेत. स्वयंपाकघरात खिडकीपाशी मांडले, गहू उगवायला लागलेत. हीटरची ऊब.

आज एक कारस्थान केलं. महेश खाली टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता, वरच्या खोलीत गारठा म्हणून. मी इराला म्हटलं चल, तुला लेझीम शिकवते. लेझीम कुठली, लाटणं दिलं हातात. आणि मुद्दाम उलटं शिकवलं. उजवा पाय आधी टाकायला लावला. ती आपली लाटणं हलवतेय, मी तोंडानं हलगी वाजवतेय, स्नेहल व्हिडिओ काढतेय.

महेश बघेना. पण की-बोर्डचा आवाज थांबला.

मी परत उजवाच पाय.

"डावा," तो म्हणाला. मान वर न करता.

मी म्हटलं, आम्हाला असंच येतं.

"आई, डावा पाय. आणि बैठक कुठाय? चौथ्या ठोक्याला खाली बसायचं." उठला. लाटणं इराच्या हातातून घेतलं. एकदाच करून दाखवलं आणि परत बसला. गुडघ्याचा कटकन् आवाज झाला, पण बसला आणि उठला. इरा तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

मला चष्मा पुसायला लागला. भाजी करपली.


२५, गुरुवार

इराचं पुढचं काम. तिनं बापाला पकडलं, बाबा, टोनीचा प्रॅक्टिस बघायला ने ना, मला एकटीला भीती वाटतो (तिचं मराठी असंच). पोरगी बिलंदर आहे, ती भीत नाही कुणाला. कुणावर गेली आहे ते सांगायला नको.

महेश म्हणाला पुढच्या मंगळवारी नेतो, सोडून येतो.


३०, मंगळवार

सोडून येतो म्हणाला होता. आला तो घामानं भिजून. इराच सांगत होती, बाबाला रुमाल दिला, मग दुसरा दिला, मग चाळ बांधला.

गरम पाणी काढून दिलं.

जेवताना आपणहून म्हणाला, "फक्त ह्या शनिवारपुरतं. टोनीची अडचण आहे म्हणून. नंतर नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

मी म्हटलं, बरं. भात घे.


२ ऑक्टो., गुरुवार. दसरा

हत्यारं पुजायची. म्हेशाचं (लहानपणी म्हेशा म्हणायचे, आता चिडतो) हत्यार म्हणजे लॅपटॉप. पाटावर तो ठेवला, स्नेहलची औषधं मोजायची पट्टी, इराचं कंपासपेटीतलं सगळं. आणि टोनीनं दिलेले चाळ. चामड्याच्या पट्टीवर पितळेच्या घंट्या आणि रंगीत फिती. सगळ्यांना हळदकुंकू. महेश म्हणाला, "आई, ते माझे नाहीत, परत द्यायचेत, डाग पडतील." तोवर पडले होते.

आपट्याची पानं कुठली. गल्लीत एक झाड पिवळंधमक झालंय, त्याची पडलेली पानं इरानं वेचून आणली. सोनं म्हणून लिंडाला देऊन आलो. तिनं फ्रिजवर चिकटवलं.


४, शनिवार

लिहायला बसले, पण कुठून सुरू करू.

सगळं गाव चौकात. भोपळे, सफरचंदाचा रस, जळक्या सॉसेजचा वास. एक बाप्या फिडल वाजवत होता, पोरी लाकडी बूट घालून फळीवर नाचल्या, टकटक टकटक, मला तर वाटलं जात्यावर कुणी बसलंय. त्या पोरींची दृष्ट काढली मी तिथंच, कानशिलावर बोटं मोडली. शेजारची म्हातारी बघून तसंच करायला लागली. तिची बोटं वाजेनात.

मग आमचे आले. महेश दुसऱ्या रांगेत मधला. पांढरी विजार लिंडानं शिवून आखूड केलेली. टोनीनं त्याच्या चाळावरचं कुंकू बघितलं, विचारलं, आणि मग सगळ्यांना माझ्यापुढं आणून उभं केलं. सहाही जणांनी पाय पुढे केले. पर्समध्ये कुंकवाची डबी असतेच. लावलं. या वेळी मी वाकले तेव्हा टोनी आपल्या डोक्यावर हात धरून उभा होता.

लिंडाची पेटी सुरू झाली. पोरगा कसा नाचला. लाजत लाजत सुरू केलं, मग खांदे सुटले, रुमाल असे उडायला लागले. इरा माझ्या मांडीला चिमटे काढत होती. आणि शेवटच्या कडव्याला, जिथं सगळ्यांनी उंच उडी मारायची, तिथं पाचजण वर गेले आणि माझा लेक खाली. बैठक. लेझीमीतली, पुरी, जमिनीला टेकून. अंगातच मुरलेली, ती काय तीन दिवसांत जाते.

लोक हसले. हा उठून सरळ घरी जाणार आणि परत दार उघडणार नाही, हे मला दिसलंच.

लिंडा थांबली नाही. तेच कडवं परत वाजवलं. उडीची जागा आली आणि टोनी, एवढा दांडगा, महेशकडे बघून धप्पकन् खाली बसला. बाकीच्यांनी उडी मारली. ह्या दोघांनी बैठक. लोकांनी टाळ्या धरल्या. महेश उठला. टोनीला काही उठता येईना. दोन्ही गुडघे तिथंच. मग महेशनं काखेत हात घालून त्याला उपसून काढलं आणि दोघं एकमेकांना धरून जे हसले.

नाना गेल्यावर असं हसलेलं बघितलं नव्हतं.

येताना शेजारचा गाडी लावत होता. महेशला म्हणाला, मस्त झालं. त्याचं नाव ग्रॅहम. घरात आल्यावर महेशनंच सांगितलं.


५, रविवार

बॅग भरायला काढली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या परत न्याव्या की नाही.

महेश पायाला बाम चोळत बसला होता. म्हटलं, टोनीला सहावा माणूस मिळाला का रे? म्हणाला, "आई, विषय नको. शनिवारपुरतं म्हटलं होतं." चाळ कागदी पिशवीत घालून दाराशी ठेवलेत. मंगळवारी त्यांची प्रॅक्टिस असते, तेव्हा हॉलवर परत देणार.

बरं म्हटलं. आईनं किती ओढायचं.


७, मंगळवार

शुक्रवारी विमान. स्नेहलनं वजनकाटा आणला, बॅग जड भरली. दोन साड्या काढल्या, चीज ठेवलं.

संध्याकाळी महेशचं ऑफिसचं बोलणं लवकर संपलं. जोडे घातले, दाराशी पिशवी उचलली, आतले चाळ खुळखुळले. "देऊन येतो," म्हणाला. इरा म्हणाली, बाबा मी पण येतो. तिला नको म्हणाला. मी खिडकीतून बघत राहिले कोपऱ्यापर्यंत. अंधार पडला होता, पिशवी हातात होती की काखेत, दिसलं नाही.

हॉल कोपऱ्यावरच आहे. पिशवी द्यायची आणि यायचं, इतकंच काम.

इरा जेवून झोपली. स्नेहल पण जेवली. म्हणाली, आई, तुम्ही बसा जेवायला, तो येईल.

त्याच्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. आत्ता हात लावून बघितला. गार झाल्यात.

होऊ देत.