सदूची जर्सी

रविवार, १९ नोव्हेंबर १९६७. बोईसर.

धाकट्या भावाला, सदूला घेऊन दुपारी पालघरला गेलो होतो. कामावर सदरे टिकत नाहीत त्याचे, म्हणून रोज घालायला कबड्डीवाल्यांसारखी जर्सी घ्यायची होती. दुकानदाराने निळी काढली. जाड सुती, काखेत ऐसपैस. खांद्याची शिवण ताणून दाखवली. "दुहेरी हाय, उसवायची नाय. घालून बघा."

सदू म्हणाला, "पुढे बटणं असलेली दाखवा."

तशी नव्हती. मला तर हीच आवडलेली. मीच हट्टाने त्याच्या डोक्यातून घातली. उजवा हात बाहीत जाईना. खांद्याच्या वर उचलतच नव्हता, आणि सदूचे ओठ पांढरे पडले.

जर्सी न घेताच बाहेर आलो, तेव्हा बोलला. मागच्या पंधरवड्यात वीजकेंद्राच्या बांधकामावर परांचीवरून घसरला, त्या एका हाताने बांबू धरून लोंबकळला, म्हणून वाचला. "दादा, मुकादमाला सांगू नको. काम जाईल."

एका खोलीत राहतो आम्ही. मला कसं दिसलं नाही? दुकानदार शिवण ताणत होता, तेव्हा सदूने मान फिरवली होती. तेही आत्ता आठवतंय.

घरी येऊन सांगितलं, उद्या कामावर जायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

"मग काय बसून खाऊ?"

"खा."

भिंतीकडे तोंड करून रडला. काम जाईलही. पण तो हात दुसऱ्यांदा त्याला धरून ठेवेल, असं मला वाटत नाही.