खोटे ठरवलेले बॉल

प्रिय धाकटे,

पाकीट बघून दचकू नकोस. घरातले सगळे धड आहेत, कोणी गेलेलं नाही. पण मी घाबरले आहे, आणि ते तुला सोडून कोणाला सांगू? आमच्या ह्यांना सांगितलं तर माझ्याआधी तेच अंथरूण धरतील. अक्षर कसं आहे ते दिसतंच आहे, मी शाळेत किती टिकले ते तुला माहीत आहे. कळेल तेवढं वाच, नाही कळलं तर परत वाच.

आमच्या पूल हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाच्या बॉलचे पार टवके उडाले होते. नवे अस्सल घेणं आपल्याला झेपत नाही, म्हणून जुने बघायचं ठरलं. मागच्या रस्त्यावरचे एक काका त्यांचा क्लब बंद करताहेत, त्यांच्याकडे एक संच आहे असं कळलं. आता जुन्या बॉलचा धंदा म्हणजे नुसती फसवाफसवी. खोकं अस्सल असतं, आत माल भलताच. नाहीतर दहा खरे आणि मध्ये पाचसहा खोटे घुसवलेले. आमचे हे डोळ्यांनी खरेदी करतात, चकाकलं की भाळले. माझ्याशी लग्नही असंच केलं असेल म्हटलं की चष्मा पुसायला लागतात. म्हणून बॉल घ्यायला नेहमी मी जाते. आधी काट्यावर घालते, सगळे सारख्या वजनाचे भरले पाहिजेत. मग आकड्यावरून नख फिरवते. खोट्याचा आकडा वरून छापलेला असतो, नखाला लागतो. खऱ्याचा आत मुरलेला असतो. आणि शेवटी कान. दोन हातांत दोन बॉल घ्यायचे, कानाशी आणायचे आणि एकमेकांवर हलकेच आपटायचे. खरा टक्क वाजतो, दगडावर दगड पडावा तसा, आणि लगेच गप्प. खोटा टप करतो, ओल्या लाकडासारखा. हे मला कोणी शिकवलं नाही, आपोआप जमलं. दुसरे हॉलवालेसुद्धा बॉल घ्यायचे झाले की म्हणतात, वहिनींना बोलवा.

तर ह्यांना घेऊन त्या काकांकडे गेले. वजन बरोबर, नखाला काही लागत नव्हतं. दोन बॉल कानाशी धरून आपटले, तर टप. दुसरे दोन घेतले, टप. सगळा संच वाजवून बघितला, एकही धड बोलेना. माझं डोकंच फिरलं. तुला माझं तोंड माहीत आहे. म्हटलं, काका, केस पांढरे झाले आणि अजून प्लास्टिक विकताय? चार लोक खेळायला आले होते, त्यांच्यासमोर. काका काही बोलले असावेत, ओठ हलताना दिसले. हे माझा दंड ओढत होते, अगं खरे आहेत, खरे आहेत. मी ह्यांनाही झापलं आणि पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडायच्या आधी टेबलांचं कापड झाडत होते. सहज आमचे पहिल्या टेबलाचे बॉल उचलले. ते सासऱ्यांनी स्वतः नवे घेतलेले, त्यांच्या खरेपणाबद्दल मी कोर्टात शपथ घेईन. कानाशी धरून आपटले. टप.

धाकटे, आधी वाटलं कोणीतरी बॉल बदलले. रोज खेळायला येतो त्या न्हाव्यावर संशय घेतला, मग त्या टॅक्सीवाल्यावर. सगळ्या टेबलांचे बॉल काढून एकेक जोडी वाजवत सुटले. सगळे खोटे. अख्खा हॉल एका रात्रीत खोटा कसा होईल? हे मागून कधी आले कळलंच नाही. वळले तर माझ्या पाठीशी उभे, दोन्ही हातांत बॉल. चेहरा पांढराफटक. ते केव्हापासून माझ्या मागे उभे राहून बॉल वाजवत होते, आणि मला एकही आवाज आला नव्हता.

तेव्हापासून मला आईच दिसते. ती शेवटी शेवटी सगळ्यालाच हो हो करायची, आठवतं? मामा गेल्याचं सांगायला मामी आली, आणि आई हसून म्हणाली, बरं झालं, छान झालं. मामीचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. आता गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईक काही बोललं तरी मी मान डोलवते. परवा कोणी काय विचारलं देव जाणे, मी हसले आणि तो तोंड वाकडं करून निघून गेला. फोन वाजला की ह्यांच्याकडे सरकवते. काकांची माफी मागायला हे जाऊन आले. काका म्हणाले, वहिनींना स्वतः येऊ दे. जायला पाहिजे, पण ते बोलतील आणि मला कळणार नाही, ह्या भीतीने त्या रस्त्याने जाणंच सोडलं आहे. मी, जिला कोणाची भीती वाटत नाही!

शेवटी ह्यांनी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर काहीतरी घातलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाल्या. मी अंदाजाने बोट वर करत होते. पकडलं त्यांनी. म्हणाल्या, बाई, मी काहीच वाजवलं नव्हतं. कान आतून निकामी होत चाललाय, गेलेलं परत यायचं नाही, यंत्र लावावं लागेल. आणि हे आईकडून आलेलं दिसतंय.

पण हे पत्र माझ्या कानासाठी लिहीत नाही. त्यांनी विचारलं, सख्खं अजून कोण आहे? म्हटलं, एक बहीण, ती धडधाकट आहे. त्या म्हणाल्या, तरी तपासायला सांगा, आधी कळलं तर पुष्कळ राखता येतं. येताना बसमध्ये एकदम आठवलं. मागे मी तुझ्याकडे आले होते, आपण टीव्ही बघत बसलो होतो. तुझी सून दोनदा आली आणि न बोलता आवाज कमी करून गेली. दोन्ही वेळा तू परत वाढवलास. मी तिला मनात नावं ठेवली, काय आगाऊ पोरगी म्हणून. धाकटे, तिचं काही चुकलं नव्हतं. तो आवाज फक्त आपल्या दोघींनाच बरोबर वाटत होता.  माझं काय व्हायचं ते होईल, पण तू उद्याच्या उद्या जा. सुनेला बरोबर ने. आणि त्या काचेच्या खोलीत ऐकू आलं नाही तर बोट खालीच ठेव.

तुझीच, घाबरून बसलेली,
थोरली