बाराव्या वाफ्याचं वजन

२४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! श्रीवर्धनहून एसटी, पुढे खाडीपर्यंत रिक्षा. तुळशीरामकाकांच्या पडवीला लागून खोली मिळालीय; काशीकाकूंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी पुढ्यात ठेवली. भात निघालेल्या त्यांच्या खाऱ्या जमिनीत आमच्या माल्ट कंपनीच्या बार्लीचे चार वाण आहेत, प्रत्येकाचे तीन वाफे. कुठला जास्त पिकतो, कुणाचा दाणा टपोरा, ते मी ठरवायचं. अहवाल जमला तर कंपनी मला कायम करणार. बांधालगतचा बारावा वाफा बघून तर हरखलेच.

२६ फेब्रुवारी
कापणी. काका बाराव्याला विळा लावू देईनात. तो कोपरा राखणदाराचा, जागेच्या देवाचा, दर पिकाला उभाच ठेवायचा म्हणे. पेरणीला आलेल्या कंपनीच्या साहेबाला सांगितलं होतं. त्या शहाण्याने वहीत नोंदच केली नाही. एक वाफा गेला की तुलनेचे तीन तेरा. वैतागून मीच कापला. आठ किलो, सगळ्यांत जास्त! त्यातला अर्धा किलो नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेला धाडला.

२८ फेब्रुवारी
बाराव्याचं पोतं पाच किलो! भोक नाही, उंदीर नाही. दाणेही भरलेलेच दिसतात. काटा तपासायला स्वतः त्यावर उभी राहिले. त्रेपन्न. मी अठ्ठावन्नची. म्हणजे काटाच बिघडलाय. जीव भांड्यात पडला.

१ मार्च
दुकानातून दुसरा काटा आणला. पोतं तीन. मी चव्वेचाळीस. जेवते नीट, कपडे सैल नाहीत, आरशात तीच मी. कुणावर चिडू?
काकांना सांगितलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू त्याच्या वाट्याचं वजन केलंस, बाय. आता त्यो तुझं करतोय.”

२ मार्च
पोतं नेऊन बांधावर ओतलं. काकू म्हणतात, वाटा पुरा पायजे. नमुना परत मागायला पुण्याला फोन केला. तो दळून झाला. वर अभिनंदन, दाणा उत्कृष्ट.

३ मार्च
सव्वीस. खाडीच्या चिखलात पाऊल उमटत नाही. ओढणीत दगड बांधून चालतेय —

४ मार्च
नऊ. काकू अंगणात बाकीची बार्ली उफणताहेत. फोल कुंपणापलीकडे जातंय. भीती वाटते. अहवाल गेला खड्ड्यात, आई, मला फक्त घरी —

दुपार
काकांनी पंच्याने खांबाला बांधलंय. खाडीवरचा वारा सुटला. पाय जमिनीला नाहीत. पंच्याची गाठ —