घर ओढून गावी

२ ऑगस्ट
ठरलं. यंदा गणपतीला गावी स्वतःचं घर घेऊन जायचं. दरवर्षी चुलतभाऊ सुबोधच्या पडवीत झोपतो आणि दरवर्षी तो अख्ख्या वाडीला ऐकवतो, मुंबयकरांका जागा दिलंय. बस झालं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून पावभाजीची एक बंद पडलेली ट्रॉली घेतली. आत दोन बंक, एक पंखा. कॅरॅव्हॅन तयार. बटरचा वास येतो, पण तेवढंच घरपण. सुबोधला फोनवर सांगितलं, पडवी कुणालाही दे. तो म्हणाला, बरां, डोंबिवलीच्या पावण्यांका देतंय. म्हटलं, खुशाल दे!

९ ऑगस्ट
टोबार झाला. व्हॅनच्या मागे बसवायचा लोखंडी दांडा, त्याला कॅरॅव्हॅन अडकवायची. वेल्डर शिवदासला म्हटलं, हत्ती ओढला पाहिजे. तो म्हणाला, साहेब, दोन ओढेल. मला असा माणूस आवडतो. वेल्डिंग बंपरच्या पट्टीला. लेकीने, जान्हवीने, नेटवर वाचलं की टोबार चॅसिसला बोल्ट करतात, आणि व्हॅनची ओढायची मर्यादा आधी बघतात. म्हटलं, बेटा, तू बालवाडीत होतीस तेव्हापासून ही व्हॅन माझ्याकडे आहे. आरटीओचं आल्यावर बघू.

१६ ऑगस्ट, दहीहंडी
टोबारची टेस्ट. सेक्टरच्या गोविंदा पथकातले सगळ्यात खालच्या थराचे चार गडी दांड्यावर चढवले. उड्या मारायला लावल्या. दांडा ढिम्म! सोसायटीने टाळ्या वाजवल्या. जान्हवी म्हणाली, बाबा, हे खाली दाबतायत, कॅरॅव्हॅन मागे ओढणार. आणि ती पट्टी गंजलीये.
निगेटिव्ह थिंकिंग. आईवर गेलीये.

२३ ऑगस्ट
सामान भरलं. मखर, तांदळाचं पोतं, समया. सेफ्टी चेन आणायची राहिली. लिंबू-मिरची बांधली, जाड दोऱ्यात. रत्नप्रभा म्हणते, हे घर गेटबाहेर पडलेलं डोळ्यांनी बघेन, मगच व्हॅनमध्ये बसेन. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी विश्वास नाही.

२४ ऑगस्ट, सकाळी
निघालो. गेटच्या स्पीडब्रेकरवर मागे फाडकन आवाज. रत्नप्रभाने नारळ फोडला असणार. शुभ. त्यानंतर व्हॅन अशी सुटली की थांबवणं जिवावर आलं. म्हटलं, बसल्या असतील मायलेकी कॅरॅव्हॅनमध्येच. आरशात बघितलं नाही. मागे वळून बघणं माझ्या स्वभावात नाही.
हायवेपर्यंत पोचलो. मागे काही जोडलंय असं वाटतच नव्हतं. झकास टोबार!
मग फोन. अहो, घर इथे आहे, आम्ही दोघी इथे आहोत, तुमचा बंपर इथे आहे. तुम्ही कुठे निघालात?

२७ ऑगस्ट, चतुर्थी, गावी
व्हॅन गॅरेजमध्ये, एसटीने आलो. शेवटची सीट. पडवीत डोंबिवलीचे पाहुणे पसरलेले. आमची अंथरुणं गोठ्याशेजारच्या खोपीत. सुबोधने भर वाडीसमोर विचारलं, काय रे, घर मागसून येतला मा?
टोबार मुद्दाम सोबत आणला होता, शिवदासकडून बंपरपासून सोडवून. सगळ्यांना दाखवला. तुटली ती पट्टी, दांड्यावर ओरखडा नाही. कमी पडली ती व्हॅन. सुबोधने दांडा हातात तोलला, म्हणाला, ह्यो तरी कामाक येयत. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायच्या माटवीचा एक बांबू वाळवीने खाल्ला होता. त्या जागी माझा टोबार बांधला.
नारळ, काकडीसारखी जाडजूड तवशी, सुपारीचे घोस, सगळा भार त्याच्यावर. दणक्यात आरती झाली. दांडा तसूभर हलला नाही.
जान्हवीला हाक मारून दाखवला.