कलमी बोरांचं बोरन्हाण

लश्कर, ग्वाल्हेर
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप नानामामांस,

भालचंद्राचा साष्टांग नमस्कार. (फरशी बर्फासारखी गार आहे म्हणून देह खुर्चीवरच ठेवलाय, पण मनाने पुरता आडवा झालोय असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? भोपाळचं पाणी त्याला मानवलं का? मामींना तिथे मनासारखी भाजी मिळते का, की अजून रोज बटाट्यावरच चाललंय? इकडची हालत काय सांगू. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या गेल्या, फायली गेल्या, साहेब गेले, साहेबांचे चपराशीसुद्धा गेले, आणि इंदरगंजच्या चौकात टांगेवाले गिऱ्हाइकाची वाट बघून राहिलेत. घोडेसुद्धा उदास दिसतात. मी मात्र खुशाल आहे. नोकरीचं विचाराल तर झाशीची सुटली आणि नागपूरची लागलीच नाही, म्हणून चार दिवस दुर्गाताईकडे उतरलोय. (चार दिवस दसऱ्याला सुरू झाले.)

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीतल्या उषाताई, म्हणजे मामींच्या चुलत बहीण, यांचं पत्र तुम्हाला एव्हाना पोचलं असेलच. त्यात लिहिलं असेल की दुर्गाच्या घरी संक्रांतीला भलताच धिंगाणा झाला, टांगेवाला बैठकीत येऊन बसला, मोठी माणसं पाटावर बसली आणि उषाताईंना मारहाण झाली. मामा, यातलं काहीही खोटं नाही. फक्त क्रम चुकलाय. आणि मारहाण बोराने झाली, हे त्यांनी बहुतेक गाळलं असेल.

तर क्रमाने सांगतो. तुळशीच्या लग्नाला तुम्ही आला होतात, तेव्हा बैठकीत भाऊजींना बाजूला घेऊन हळूच म्हणालात (तुमचं हळूच म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं), "जावईबापू, क्वार्टर मिळेपर्यंत खुशाल माझ्याकडे राहा. पण मधूला इथेच कुणाकडे तरी ठेवून या. वसाहत नवी, सगळ्यांची अंगणं एकमेकांना लागून. आमच्या शरयूला बघायला माणसं येतील. घरात असं मूल दिसलं की लोक काय समजतील?" भाऊजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तुम्हाला मालूमच आहे, दिनकरराव जन्मात कुणाला नाही म्हणाले नाहीत, म्हणूनच हेडक्लार्क झाले. पण आत ताई पोळी लाटत होती, ती पोळी तव्यावर जळून गेली. त्या दिवसापासून माळ्यावरची ट्रंक काही खाली आली नाही. भोपाळला रुजू होण्याची तारीख जवळ येत चालली आणि ताई एक वाटीसुद्धा बांधेना.

मधूला तुम्ही ओझरतंच पाहिलंय, म्हणून सांगतो. सात वर्षांचा झाला तरी बोलत नाही. नजरेला नजर देत नाही. खुशीत आला की हात पंखांसारखे हलवतो. वस्तू एका ओळीत मांडत बसतो, चमचे, चिंचोके, माझ्या विड्यासुद्धा. (विड्या मी सोडल्यात. तो ओळ मोडू देत नाही, मग ओढणार कशा?) आणि डोक्याला कुणी हात लावलेला त्याला अजिबात सहन होत नाही. ताईने त्याच्यासाठी काय केलं नाही? मुरारला एक बाबा गंडे बांधतो, तिथेही जाऊन आली. बाबाने नेहमीचं सांगितलं, की दोष आईचा, ग्रहणात काहीतरी चिरलं असेल. ताई बाहेर येऊन पायरीवर रडत बसली. शेजारच्या पायरीवर एक ठसठशीत बाई आपल्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. मुलगी बारा वर्षांची, गोल चेहऱ्याची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून त्याचं नाव, गाव आणि जेवण विचारत होती. बाईंनी थोडा वेळ ताईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा बोलत नाही होय? माझी गप्प बसत नाही. बदलायचं का?"

त्या लीलाताई. यजमान संभाजीराव संस्थानी फौजेत होते. फौज विलीन झाली तेव्हा त्यांना खजिन्याच्या पहाऱ्यावर घेतलं, आणि आता खजिनाच भोपाळला निघाला म्हणून तेही निघालेत. मुलगी शामला. ताई म्हणते, त्या पायरीवर मी रडतारडता हसले, तेव्हा मला आठवलं की मला हसता येतं. त्यानंतर दर गुरुवारी त्या आमच्याकडे, नाहीतर ताई त्यांच्याकडे. आमच्याकडे मराठ्यांच्या घरचं पाणी चालायचं नाही, ते कधी चालायला लागलं कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकीला रडू आलं की दुसरी भाजी निवडायला घेते. एवढंच करतात. पण गुरुवारी ताईचा चेहरा वेगळाच असतो, हे मी पाहिलंय.

एका गुरुवारी ताईने तुमचं म्हणणं लीलाताईंना सांगितलं. त्यांनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग एकदम म्हणाल्या, "ह्याचं बोरन्हाण केलंय का हो?" केलेलं नव्हतं. ज्या वयात करायचं त्या वयात उषाताईंनी सांगितलं होतं की पोर जरा सुधारू दे, मग करू, उगाच चार बायका बघणार. मूल सुधारलं नाही आणि बोरन्हाणाचं वय निघून गेलं. लीलाताई म्हणाल्या, "शामलाचंही राहिलंय. जायच्या आधी दोघांचंही करू. आणि सगळ्या गल्लीला बोलावू. ज्यांना बघायचंय त्यांनी एकदाच पोटभर बघून घ्यावं." सात वर्षांच्या पोराच्या मापाचे काळे कपडे कुठे मिळायचे? त्यांनी संभाजीरावांची दरबारची काळी अचकन काढली आणि उसवली. दरबार राहिला नाही, अचकन पेटीत पडून होती. तिच्यातून मधूचा अंगरखा निघाला आणि शामलाचं परकर-पोलकं निघालं. संभाजीरावांनी सोन्याची बटणं तेवढी मागून घेतली, मग तीही शामलाला देऊन टाकली.

माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. दाल बाजारातून चुरमुरे, बत्तासे, हरभऱ्याचे घाटे आणायचे, आणि मंडईतून बारकी बोरं. बारकी, असं ताईने दोनदा सांगितलं. मी निघालो. चुरमुरे घेतले, बत्तासे घेतले (थोडे चाखले), आणि तेवढ्यात एक टांगा मुरारकडे जाताना दिसला. मुरारला पलटणीचा बँड सराव करत होता. मामा, आपल्या जुन्या संस्थानी बँडातला तो मिशीवाला ढोलकर आठवतो ना? तो आता नव्या पलटणीत नव्या टोपीत नवी धून वाजवतोय, पण मधूनच हात जुन्या सलामीवर जातो आणि बँडमास्तर त्याच्याकडे वटारून बघतो. हे सोडून बोरं घ्यायला कोण जाणार? बँड बराकीत शिरेपर्यंत मी मागेमागे फिरलो. मंडईत आलो तेव्हा बारकी बोरं संपली होती. कलमी होती. एकेक बोर लिंबाएवढं, टणक, चकचकीत. मी म्हटलं, मोठं म्हणजे चांगलंच की, आणि पोतंभर घेतली.

परतीच्या टांग्यात टांगेवाल्याने विचारलं, इतके बेर कशाला. मी सांगितलं. तो हसला, "बच्चे को बेर से नहलाओगे? वाह रे मराठी लोग." मग घोड्याच्या कानांकडे बघत म्हणाला, "हमारी गुड्डी चल नहीं पाती भैया. दूर से देख ले तो चलेगा?" मी म्हटलं, "दूर से काहे? लूटने में पाँव नहीं, हाथ लगते हैं." हे मी विचार करून बोललो असं नाही, मला विचार करायची सवय नाही. पण तो माणूस बोरांसकट मला दारात उतरवून पैसे न घेता गेला आणि मुलीला कडेवर घेऊन परत आला. बैठकीत बसलेला टांगेवाला तो हा.

घर भरलं होतं. गल्लीतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून भिंतीला लागून बसल्या होत्या, देवळात बसतात तशा गप्प. मधू पाटावर बसला. काळा अंगरखा, गळ्यात हलव्याची माळ, हातात हलव्याची बासरी. (मुकुट त्याने घालू दिला नाही, म्हणून त्याच्या वाट्याचाही शामलानेच घातला.) इतका देखणा दिसत होता की मीसुद्धा एका जागी उभा राहिलो. ताईने ओवाळलं, माप भरलं आणि त्याच्या डोक्यावर बोरं ओतली.

मामा, कलमी बोरं. लिंबाएवढी. टणक.

तो जो ओरडला ते ओरडणं तुम्ही ऐकलं नाहीत हे बरं. कानांवर हात ठेवून तो जो सरपटत गेला तो थेट टेबलाखाली. बायका उठायच्या तयारीला लागल्या. कुणाला दूध तापवायचं आठवलं, कुणाला पाहुणे आठवले. उषाताई म्हणाल्या, "दुर्गे, मी काय सांगत होते? ह्या मुलांचं चारचौघांत काही करू नये. त्यालाही त्रास, बघणाऱ्यालाही." ताई रिकामं माप धरून उभी होती. मी तिचा भाऊ आहे, तिला वाण्याशी भांडताना पाहिलंय, सासूशी पाहिलंय. त्या वेळी तिच्यात भांडण उरलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता हिला कुणीही सांगितलं की पोराला ठेवून जा, तर ही ठेवून जाईल.

लीलाताईंनी एक बोर उचललं आणि स्वतःच्याच टाळक्यावर आपटलं. "अगंबाई! लागतंय की हे! कुणी आणली ही बोरं?" मी खांबामागे गेलो. "म्हणजे पोरगा शहाणा आणि आपण येड्या. डोक्यावर धोंडे पडल्यावर ओरडायचं नाही तर काय ओव्या म्हणायच्या?" आणि पदर खोचून त्या स्वतः पाटावर बसल्या. "ये मधू, माझ्यावर टाक. आमच्या सासऱ्यांनी तोफगोळे झेलले, मी बोरं झेलते."

मधू येईना. शामला टेबलाखाली शिरली आणि त्याच्या शेजारी बसली. नाव, गाव, जेवण, काही विचारलं नाही. ती गप्प बसलेली मी तेव्हा प्रथम पाहिली. थोड्या वेळाने टेबलाखालून एक बोर गडगडत आलं. त्याच्यामागून मधू आला. त्याने ते दोन बोटांनी उचललं आणि लीलाताईंच्या डोक्यावर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. ते पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. लीलाताई पुतळ्यासारख्या बसलेल्या, डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने, "अजून एक, राजा." मग शामलाला धीर निघेना, तिने अख्खी टोपली त्यांच्यावर पालथी केली, टांगेवाल्याची गुड्डी हातांवर सरकत सगळ्यांच्या आधी पोचली आणि तिने जी लूट केली ती बघून गल्लीतली धडधाकट पोरं तोंडात बोट घालून राहिली. मग ताई पाटावर बसली. आणि मग, मामा, इतका वेळ दाराशी अर्धे आत अर्धे बाहेर उभे असलेले आपले भाऊजी पुढे आले, टोपी काढली, खुंटीला लावली आणि बायकांच्या त्या सभेत पाटावर बसले. मधू त्यांच्या टकलाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ठेवलेलं बोर तिथे टिकलं. पडलं नाही. तेव्हा मधू हसला, हात पंखांसारखे हलवत, आणि भाऊजी मान न हलवता म्हणाले, "हा माझ्याबरोबर येईल." कुणाला उद्देशून म्हणाले ते मी सांगणार नाही.

उषाताईंच्या नाकावर लागलेलं बोर शामलाचं होतं, नेम माझ्यावर होता. पण नंतर मधू त्यांच्याही समोर जाऊन उभा राहिला. त्या आधी मागे सरकल्या. मग सरकायच्या थांबल्या, आणि त्याने ठेवेपर्यंत डोळे मिटून बसल्या. जाताना ते बोर त्यांनी रुमालात बांधून नेलं. हे त्यांनी तुम्हाला लिहिलं नसेल, म्हणून मी लिहितोय.

दुसऱ्या दिवशी ट्रंक खाली आली. सगळ्यात आधी मधूचे कपडे भरले गेले. शरयूचं चांगलं व्हावं असं मलाही वाटतं, मामा. पण मधूला बघून जे स्थळ पळेल, ते लग्नाआधी पळालेलं काय वाईट?

मामींना नमस्कार, शरयूला आशीर्वाद (ती माझ्याहून मोठी आहे, पण कुणालातरी द्यावेसे वाटतात).

तुमचा भटका,
भालचंद्र

ता. क. क्वार्टरं वाटणारा कारकून तुमच्या हाताखालचा आहे असं कळतं. भाऊजींना आणि संभाजीरावांना शेजारशेजारची मिळाली तर दोन बायकांचा गुरुवार वाचेल. अंगणं एकमेकांना लागून आहेत हे तुम्हीच म्हणाला होतात. त्याचा एवढा फायदा व्हावा.

ता. क. दुसरा. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ते मधूच्या खिशात आहे, म्हणजे आता तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही ते दारात उभे राहून वाचून राहिलात. त्याच्यामागे ताई आणि भाऊजी. मागच्या टांग्यात लीलाताईंचं बिऱ्हाड. मी बहुधा स्टेशनवरच कुठेतरी रेंगाळलो असेन, माझ्यासाठी थांबू नका.

ता. क. तिसरा, आणि खरा. त्याला आत घ्याल तेव्हा सवयीने डोक्यावर हात ठेवायला जाल, तो ठेवू नका. त्याच्या दुसऱ्या खिशात एक बोर आहे. गाडीत कुणालाच दिलेलं नसणार. गुडघा दुखतो हे मालूम आहे मला, पण जरा खाली वाका, मामा. टोपी काढून.