न गळणाऱ्या छपरावर इलाज

ती. वन्संना वाकून नमस्कार. (वाकावं लागतंच. आमच्या या फिरत्या घराचं छत माझ्या उंचीपेक्षा चार बोटं खालीच आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींची नवी कवळी बसली का? आम्ही दोघं तब्येतीने ठणठणीत आहोत आणि अंथरुणापांघरुणासकट ओले आहोत. पत्रास कारण म्हणजे छप्पर.

तुमच्या भावाने दातांचा दवाखाना बंद करून ही जुनी मोटारहोम घेतली, तेव्हा तुम्हीच म्हणालात की, जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलेल्या माणसाला आता जरा जग बघू दे. मलाही पटलं. समुद्र बघायचा, वाटेल तिथे थांबायचं आणि स्वतःच्या गादीवर झोपायचं, एवढीच माझी हौस. विकणारे गृहस्थ फार सज्जन निघाले आणि तिथेच घात झाला. किल्ल्या देताना ते म्हणाले, "छप्पर गळत नाही. म्हणजे, अजून तरी आमच्या लक्षात आलेलं नाही."

त्या 'अजून तरी'ने यांची झोप उडाली. शेगडीच्या वर छताला बदकाच्या आकाराचा एक तपकिरी डाग होता. हात लावला तर कोरडा. फडक्याने पुसला तर निघूनच गेला, म्हणजे आधीच्या मालकांच्या तळणीचा असणार. पण डाग गेल्यावर यांची शंका दुप्पट झाली. "वर दिसत नाही म्हणजे आत आहे," म्हणाले. (तीस वर्षं लोकांना हेच सांगून खुर्चीत बसवलं आहे.)

मग पाण्याची चाचणी झाली. हे नळी घेऊन छपरावर, आणि मी आत घरातली यच्चयावत पातेली मांडून बसलेली. वरून विचारायचे, "काही होतंय का?" मी म्हणायची, "नाही." "आता?" "नाही." "आता तरी?" शेवटी मलाच इतकं ओशाळल्यासारखं झालं की, एखादा थेंब आपणच उडवावा असं मनात आलं. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही गाडी धुतोय, म्हणून तेही आपली घेऊन रांगेत उभे राहिले. (हे त्यांचीही धुऊन आले. नाही म्हणवत नाही यांना.) आत मात्र टिपूस नाही. खाली उतरले ते अगदी पडेल चेहऱ्याने. दात धडधाकट निघालेल्या पेशंटला घरी पाठवताना व्हायचा, तोच चेहरा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली हत्यारांची पेटी निघाली. तोंडात घालायच्या त्या छोट्या आरशाच्या दांडीने हे अख्खं छप्पर ठोकत गेले. एका ठिकाणी पोकळ वाजलं. मी म्हटलं, "अहो, खाली कपाट आहे, पोकळच वाजणार." ऐकतात कुठे. टोकदार आकडीने जरासं कोरलं. आत लाकूड खडखडीत. मग निरोगी लाकूड कसं दिसतं ते ताडून बघायला दुसरीकडे कोरलं, आणि दोन्हींत फरक दिसेना म्हणून तिसरीकडे. मग तिन्ही भोकांत सिलिकॉन भरून ती इतक्या मायेने गुळगुळीत केली की, मला वाटलं आता छपराला चूळ भरायला सांगतात.

निघालो. वाटेत पाऊस लागला आणि तिन्ही ठिकाणी गळायला लागलं. एक धार शेगडीवर, एक माझ्या कपड्यांच्या कपाटात आणि एक नेमकी यांच्या उशीवर. वन्सं, यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघ. मी म्हणत नव्हतो?" मी कपडे पिळत होते. विचारलं, "कशाचा आनंद झालाय तुम्हाला?" म्हणाले, "निदान झालं."

मी म्हटलं, गाडी वळवा, मला घरी जायचंय. खरंच रडायला आलं होतं. यांनी आपला रेनकोट माझ्या गादीवर पसरला, स्वतःच्या उशीवर पातेलं ठेवलं आणि त्याच्या शेजारी डोकं टेकून पडून राहिले. थोड्या वेळाने पातेल्याआडून आवाज आला, "चुकलंच जरा. आधी एक्स-रे काढायला हवा होता." मग मात्र मला हसू आवरेना. गाडी वळवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता पाऊस उघडला आहे. हे वर नव्याने भरणी करताहेत आणि मी हे लिहिते आहे. भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची (अजून न वाळलेली)
भावजय

ता. क. हे पत्र पोस्टाने येणार नाही, तुमच्या दाराखालून येईल. गाडी तुमच्या फाटकासमोर उभी आहे. बेल वाजवायला संकोच वाटतो, कारण माझ्या अंगात सध्या यांचा पायजमा आणि टेबलावरचं कापड आहे. तरी कात्री घेऊन बाहेर या. भरणी करता करता हे सिलिकॉनवर पालथे झाले आणि शर्टासकट चिकटले आहेत.

ता. क. २. गाडी बघितल्या बघितल्या तुम्ही म्हणाल, "विकून टाक." तेवढं म्हणू नका. जगात हे एकट्या तुमचं ऐकतात, आज म्हणालात तर उद्या विकतील. समुद्र आता फार लांब राहिलेला नाही, आणि मला याच गाडीतून जायचंय. वाटल्यास तुम्हीही चला. मधला पलंग रिकामा आहे. छत्री तेवढी आपली आपण आणा.